मोहरीच्या कुळातलं नव्हे

"नुसतं हुंगून कळणार नाही," प्रेमला म्हणाली. "पान तळहातावर चोळा. चुरगळल्याशिवाय ते वास सोडत नाही."

टेबलाभोवतीच्या मुलींनी तिळवणीची पानं चोळली, नाकाशी नेली आणि एकेकीनं तोंड वाकडं केलं. भाटे गावाच्या बाजूला नारळाच्या बागांमध्ये पाटाच्या ओलीवर डिसेंबर संपत आला तरी तिळवण मिळत असे. शेजारच्या ताटलीत शेवग्याच्या मुळाची साल होती आणि तिच्या पलीकडे वाटलेली मोहरी.

"मॅडम, तिघांचा वास सारखाच आहे."

"एकाच घरातला आहे म्हण." प्रेमलानं फळ्यावर दोन चौकटी काढल्या. "ह्या पेशीत गंधक असलेला एक पदार्थ असतो. त्याला स्वतःला वास नाही. त्याला फोडणारं विकर दुसऱ्या पेशीत, वेगळं ठेवलेलं. पान चिरडलं, किड्यानं खाल्लं, की दोघं एकत्र येतात आणि हा झणका सुटतो. मोहरी, तिळवण, वायवर्णा, शेवगा. दिसायला कोण कुणासारखं नाही. पण हा पदार्थ चौघांतही आहे, म्हणून नवीन पुस्तकं त्यांना जवळ आणून ठेवतात."

मागच्या एका मुलीनं कागदात गुंडाळून आणलेलं काटेरी रोप पुढं केलं. पिवळ्या धोत्र्याचं. "आणि हा? ह्याच्या बिया तर अगदी मोहरीसारख्या असतात. जुन्या वर्गीकरणात त्याचं कूळ मोहरीच्या शेजारीच आहे."

"शंभर वर्षं शेजारीच होतं. फूल बघून, बीजकोश बघून ठेवलेलं. काटे सांभाळून चोळ बघू."

मुलीनं पान चोळलं. बोटांना पिवळा चीक लागला. "मोहरीचा वास नाहीच येत."

"नाही येणार. हा अफूच्या कुळातला. ह्याच्यात निराळीच द्रव्यं असतात."

हा तिच्या प्रबंधाचाच विषय होता. रत्नागिरीच्या त्या कॉलेजात ती वनस्पतिशास्त्राची डेमॉन्स्ट्रेटर होती आणि नोकरी सांभाळून मुंबईच्या मार्गदर्शकांकडे पीएच.डी. करत होती. उरलेला सगळा वेळ प्रयोगशाळेत जाई. वेगवेगळ्या रानवनस्पतींचा अर्क कागदावर चढवायचा, वर फवारा मारायचा आणि तपकिरी ठिपके कुठे उमटतात ते बघायचं. मोहरीच्या नात्यातल्या प्रत्येक झाडाच्या रांगेत ठिपके येत. पिवळ्या धोत्र्याची रांग दर वेळी कोरी राही. त्या कोऱ्या रांगेचंही तिला समाधान वाटे.

प्रयोगशाळेचा शिपाई गंगाराम दारात येऊन उभा राहिला. "बाई, तुमचे भाऊ आलेत. आई पण हायत बरोबर. फाटकापाशी बसवलंय त्यांना. जरा लवकर या."

प्रेमलाची आई, राही, फाटकाजवळच्या कट्ट्यावर बसली होती. नुसतं बसूनही तिला धाप लागत होती. मंडणगड तालुक्यातल्या गावातून पहाटेची एस.टी. पकडून भिवा तिला घेऊन आला होता. प्रेमलाला बघून ती कसनुशी हसली.

"शिकवायचा सोडून कशाला आलीस गो? ह्यानंच हट्ट धरलान. मना काय झालेला नाय."

"पाय बघ आधी तिचे," भिवा म्हणाला.

प्रेमलानं लुगड्याचा काठ वर केला. पाय गुडघ्यापर्यंत सुजले होते, कातडी लालबुंद आणि ताणलेली. तिनं नडगीवर अंगठा दाबला. खळगा पडला आणि तसाच राहिला.

"कधीपासून हे?"

"आधी हगवण लागली. मग पाय. आग आग होते म्हणते. आता आडवी पडायला मागत नाय, छाती भरते. बसून ऱ्हाते भिंतीला टेकून." भिवानं खांद्यावरची पिशवी कट्ट्यावर ठेवली. "मी नाताळाच्या सुट्टीला सहज म्हणून घरी आलो, तर ही अशी."

सरकारी इस्पितळात डॉक्टरांनी राहीला लगेच दाखल करून घेतलं. तपासून झाल्यावर ते प्रेमलाला बाजूला घेऊन म्हणाले, "हृदय वाढलंय. फुप्फुसात पाणी आहे. दिसायला बेरीबेरीसारखं दिसतंय, त्याची इंजेक्शनं देतो. पण तुमच्याकडे उकडा तांदूळच खातात ना?"

"हो. घरचाच."

"मग बेरीबेरी व्हायला नको. दुसरं काय खाण्यात आलंय का, आठवून बघा."

प्रेमला आईजवळ येऊन बसली. भिवा खाली औषधं आणायला गेला होता. आपल्या मोठ्या भावाकडे बघताना तिला नेहमी थोडं अवघडल्यासारखं व्हायचं. वडील, सखाराम, ती शाळेत असतानाच गेले. भिवा तेव्हा मॅट्रिकच्या वर्गात होता, हुशार होता. त्यानं शाळा सोडली आणि मुंबईला गिरणीत लागला, म्हणून ती मंडणगडच्या हायस्कुलात जाऊ शकली, पुढं कॉलेजात गेली. बौद्धवाडीतली एम.एस्सी. झालेली पहिली मुलगी. भिवानं त्याबद्दल कधी एक शब्द काढला नव्हता. संपात गिरणी गेली, तरी तो कुणापाशी रडला नाही. मशीद बंदरला तेलाच्या वखारीत हमाली धरली आणि दिवाळीला हसत घरी आला.

"आये, वाडीत आणखी कुणाला असं झालंय?"

"झालाय तर. महिपतच्या बायकोचे पाय हे एवढे. काशीला तर उठवत नाय. सावित्रीच्या सुनेला पण सूज हाय." राही थांबून थांबून बोलत होती. "लोकं म्हणतात विहिरीचा पाणी बाधला."

"विहीर तर सगळ्या वाडीची एकच. वरच्या आळीत कुणाला झालंय?"

"वरल्यांना नाय गो कुणाला."

"मग ह्या चार घरांनीच वेगळं काय खाल्लं?"

राहीनं डोळे मिटले. तिला विचार करायचाही त्रास होत होता. मग तिला काहीतरी आठवलं आणि चेहऱ्यावर जरा उजेड आला. "वेगळा काय असणार. भिवानं दिवाळीला तेलाचा डबा आणलान ना. सेठनं दिलान सगळ्या हमालांना, भेट म्हणून. एवढा मोठा डबा डोक्यावर घेऊन आला माझा झील. आम्ही एकट्यानी कसा खायचा? शेजारच्या तीन घरांत वाटलान. यंदा दिवाळी बरी झाली बघ वाडीत." तिनं पिशवीकडे बोट केलं. "तुझ्यासाठी पण बाटली आणलाय. तू भाजी उकडून खातंस, मना ठाव हाय."

प्रेमलानं पिशवी उघडली. चादरीखाली, घट्ट बूच मारलेली, पदराच्या चिंधीनं बांधलेली बाटली होती. तेल स्वच्छ पिवळं दिसत होतं.

तिनं बाटली मांडीवर घेतली. प्रबंधाच्या पहिल्या प्रकरणात तिनं दोन ओळी लिहिल्या होत्या. पिवळ्या धोत्र्याच्या बिया मोहरीसारख्या दिसत असल्यामुळे तिकडे उत्तरेत मोहरीत मिसळल्या जातात आणि असं तेल खाल्लं की पायांना सूज येते, हृदय निकामी होतं. दुसऱ्या कुणाच्या तरी लेखातून घेतलेल्या त्या ओळी होत्या. इकडे स्वयंपाकाला मोहरीचं तेल कुणी वापरत नाही, म्हणून तिनं त्यावर फारसा विचार केला नव्हता. पण वखारीतल्या माणसाला काय, तो धोत्र्याचं तेल मोहरीच्याच तेलात मिसळील असं थोडंच आहे.

"आये, मी कॉलेजात जाऊन येते."

"जा. उगीच रजा नको मांडू माझ्यासाठी."

दुपारी प्रयोगशाळा रिकामी होती. प्रेमलानं परीक्षानळीत थोडं तेल घेतलं आणि तेवढंच नायट्रिक आम्ल ओतून नळी हलवली. खाली उतरलेलं आम्ल आधी पिवळं झालं, मग नारंगी. ती बघत राहिली तोवर तांबडं झालं. तिनं नळी स्टँडला लावली. खोलीवर जाऊन आपल्या डब्यातलं शेंगदाण्याचं तेल आणलं आणि त्यावर तोच प्रयोग केला. रंग आला नाही. मग तिनं पुन्हा बाटलीतलं तेल घेतलं. ह्या खेपेलाही आम्ल तांबडंच झालं.

डॉक्टरांनी नळी खिडकीच्या उजेडात धरून बघितली. ते म्हणाले, "मी हे फक्त पुस्तकात वाचलंय. बरं झालं आणलंत. मंडणगडच्या आरोग्य केंद्राला मी फोन लावतो. लागेल की नाही सांगता येत नाही, पण लावतो."

"ह्याच्यावर उतारा काय?"

"तेल बंद करायचं. विश्रांती, लघवीची औषधं, जीवनसत्त्वं. ज्यांचं हृदय टिकतं ते हळूहळू सुधारतात." ते तिच्या आईविषयी काही बोलले नाहीत आणि तिनंही विचारलं नाही.

भिवा इस्पितळाच्या मागच्या आवारात वडाच्या पारावर चहाचे दोन पेले घेऊन बसला होता. एक त्यानं तिच्यापुढं केला. तिनं तो घेऊन बाजूला ठेवला.

"दादा, दिवाळीचं तेल अजून शिल्लक आहे का घरी?"

"आयेकडं हाय थोडा. तिच्याकडं जास्ती ठेवलेला मी. का?"

कसं सांगावं ह्याचा ती वाटेत विचार करत आली होती. आता त्यातलं काहीच उपयोगी पडेना. "त्याच्यात पिवळ्या धोत्र्याचं तेल आहे. विषारी असतं. आयेला त्यानंच झालंय. त्या तिन्ही घरांना पण."

भिवा तिच्याकडे बघत राहिला. खाडीकडून वारा येत होता. पाराच्या पलीकडे कुणीतरी रुग्णाचे कपडे दगडावर आपटून धूत होतं.

"तुझी खात्री हाय?"

"दोनदा करून बघितलं. माझ्या खोलीवरच्या तेलावर पण केलं. त्याला काही झालं नाही."

"धोत्रा म्हणजे तो रस्त्याकडंचा. काट्यांचा."

"हो."

"तू शिकतंस तो."

"हो."

भिवानं चहाचा पेला पारावर ठेवला. तो रागावला नाही, रडला नाही. बोलला तेव्हा त्याचा आवाज नेहमीसारखाच होता. "महिपतची बायको म्हणत होती, थोडा दे, जास्ती नको. मी म्हटला, घे गो वैनी, सेठचा हाय, कुठं माझ्या बापाचा हाय."

"तुला कसं कळणार होतं दादा. मी आले होते दिवाळीच्या पाडव्याला. त्याच तेलातल्या करंज्या खाल्ल्या. मला तरी कुठं कळलं?"

भिवानं विचारलं, "ते अजून खात असतील ना?"

"असतील. म्हणून डॉक्टर फोन लावतायत. नाहीतर पोलिसांकडून निरोप द्यायचा."

"पोलीस वाडीत गेला तर लोकं डबा लपवून ठेवतील. चोरीचा असेल म्हणून." भिवा उठला. "मी जातो. आता एस.टी. हाय खेडपर्यंत. पुढं बघतो."

"तू इथं थांब. आयेजवळ कुणीतरी पाहिजे. मी जाते."

"तू सांगून भागायचा नाय. मी दिलाय, मीच मागून घेतो." तो दोन पावलं गेला आणि वळला. "आयेला नको सांगू कशानं झाला ते."

जाण्याआधी तो वॉर्डात जाऊन आला. राहीला त्यानं सांगितलं की घराला कुलूप लावायचं राहून गेलंय, लावून येतो. तिला ते पटलं.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी राही उशांना टेकून बसून होती. प्रेमला तिच्या पायांना ओल्या फडक्यानं गार करत होती. बोलू नको म्हटलं तरी राही अधूनमधून बोलायची. वाडीतल्या विहारासाठी वर्गणी निघालीय. कमलाबाईला, भिवाच्या बायकोला, मुंबईची हवा मानवत नाही. भिवाला शिकायचं होतं, पण त्याच्या नशिबात नव्हतं.

"त्याला तू विचारतंस का कधी काय? असा गप असतो," ती म्हणाली. "तू विचारला तर बोलेल."

"विचारीन."

"कशानं झाला गो मना हा? डाक्टर काय म्हणतो?"

प्रेमलानं फडकं पिळलं. प्रयोगशाळेत ती मुलांना नेहमी सांगत आली होती की दिसतं ते लिहा, वाटतं ते नको. "हृदय थकलंय म्हणतात आये. खूप कामं केलीस ना."

"ते तर हायच," राही म्हणाली आणि जरा समाधानानं तिनं मान मागे टेकली.

पुढल्या दिवशी सकाळी नर्स ताप बघायला आली तेव्हा राही बोलत नव्हती. डॉक्टर धावत आले, इंजेक्शन दिलं, छाती दाबली. थोड्या वेळानं त्यांनी हात थांबवला.

भिवा दुपारी आला. आरोग्य केंद्राची जीप इस्पितळाच्या पायरीशी लागली आणि मागून तो उतरला. प्रेमला व्हरांड्यात उभी होती. त्यानं तिच्याकडे एकदा बघितलं, आणि त्याला कळलं हे तिलाही कळलं. पण तो आला नाही. जीपकडे वळून त्यानं आधी काशीला काखेत हात घालून उतरवलं. म्हातारीच्या सुजलेल्या पायाखाली पायरी नीट येईपर्यंत तो वाकून उभा राहिला. मग महिपतच्या बायकोला उतरवलं, मग सावित्रीच्या सुनेला. तिघींना बाकावर बसवून, केसपेपर काढायची खिडकी कुठली ते जीपवाल्याला दाखवून, मग तो प्रेमलापाशी आला.

"कधी?"

"सकाळी."

"इचारत होती?"

"तू बोलत नाहीस म्हणत होती."

त्यानं मान हलवली आणि आत गेला.

वाडीत काय झालं ते तिला महिपतकडून पुढं कळलं. भिवानं पहिल्याच दारात सगळं सांगितलं, आडपडदा न ठेवता. महिपतनं डबडं आणून दिलं. काशीला तर कसलीच ताकद नव्हती, तिच्या चुलीमागून भिवानंच भांडं काढून घेतलं. सावित्री मात्र देईना. एवढं चांगलं तेल ओतून टाकायचं, तुझी बहीण शिकलेली म्हणून काय आम्ही सगळंच सोडायचं, म्हणाली. भिवा तिच्या ओसरीवर बसून राहिला. रात्रभर बसला. उजाडता उजाडता तिनं बरणी त्याच्यापुढं आणून ठेवली आणि दार लावून घेतलं. सगळं तेल त्यानं गावाबाहेर कातळाच्या कडेला खड्डा करून ओतलं आणि वर माती दाबली.

राहीला गावी नेलं. भंतेजी यायला उशीर झाला, म्हणून शाळेतल्या गुरुजींनी त्रिशरण म्हटलं. त्या तिघी वाचल्या. काशीला पुन्हा चालायला शिमगा उजाडला. अन्न खात्याचे लोक बाटलीतला नमुना घेऊन गेले. मुंबईला चौकशी झाली तेव्हा वखारीत तसला एकही डबा सापडला नाही. असा डबा दिल्याचं सेठला आठवत नव्हतं आणि बाकीच्या हमालांनाही आठवेनासं झालं. साक्ष द्यायला एकटा भिवा उभा राहिला. त्याचं वखारीतलं काम गेलं, आणि केस पुढं सरकली नाही.

प्रेमलानं काही महिने प्रबंधाला हात लावला नाही. कागद फवारायची खोली उघडली की तिला आत उभं राहवत नसे. मग एक दिवस गंगारामनं न विचारता बाटल्या धुऊन रांगेत लावल्या आणि ती कामाला बसली. दुसरं काय करायचं ते तिला माहीत नव्हतं. पहिल्या प्रकरणातल्या त्या दोन ओळी तिनं वाढवल्या नाहीत आणि काढल्याही नाहीत.

मुंबईतली तोंडी परीक्षा सत्त्याऐंशीच्या पावसाळ्यानंतर झाली. बाहेरून आलेले परीक्षक वयस्क आणि सौम्य होते. त्यांनी विचारलं, "अफूचं कूळ मोहरीपासून तोडायला तुम्ही म्हणता तो रासायनिक पुरावा मला मान्य आहे. पण फुलांची रचना एवढी जवळची असताना केवळ एका पदार्थाच्या अभावावरून नातं तोडायचं?"

"केवळ अभावावरून नाही, सर," प्रेमला म्हणाली. "त्या जागी दुसरं काय आहे तेही बघावं लागतं. बाहेरून सारखं दिसलं तरी आत जे तयार होतं ते निराळं आहे."

"ह्याचा व्यवहारात काही उपयोग?"

प्रेमला म्हणाली, "तेलात भेसळ होते तेव्हा ओळखायला उपयोग होतो. वेळेवर बघितलं तर."

परीक्षकांनी मान डोलावली आणि पुढचा प्रश्न विचारला.

संध्याकाळी ती भिवाच्या खोलीवर गेली. तो आता एका छापखान्यात रात्रपाळीला राखणदार होता. दाराला कडी लावलेली नव्हती. कमलाबाईनं तिला आत घेतलं, पाणी दिलं आणि हळू आवाजात म्हणाली, "ताई, बरा झाला आलात. पण जेवायला तसाच हाय हां. घरात तेल आणू देत नायत हे. केसांना लावायला पण नाय. आणि पयल्यासारखे नाय राहिले. पाहुणा आला तर ताटाला हात लावत नायत, वाढत नायत कुणाला. मीच काय ते."

भिवा आंघोळ करून आला. केस बरेच पांढरे झाले होते. तिघं जेवायला बसली. कुळथाची पिठी होती, नुसती लसूण-मिरची ठेचून उकळलेली, वर आमसूल. निखाऱ्यावर भाजलेले सुके बोंबील. भात.

"काय इचारलानी?" भिवानं ताटाकडे बघत विचारलं.

"पिवळा धोत्रा मोहरीच्या कुळात का नाही, ते."

"मग?"

"सांगितलं."

"पास केलानी?"

"केलं."

तो घास चावत राहिला. बाहेर कुणाच्या तरी रेडिओवर बातम्या लागल्या होत्या. प्रेमलाच्या ताटातली पिठी संपली. तिनं उरलेला भात बोटांनी एका बाजूला ओढला आणि ताट जरा पुढं केलं.

"दादा, अजून वाढ."

कमलाबाईचा हात डावाकडे गेला, तो तिनं मागे घेतला. भिवा मान वर करून बहिणीकडे बघत राहिला. मग त्यानं पातेलं आपल्या बाजूला ओढलं, डाव आत घातला, आणि सांडू नये म्हणून डावा हात खाली धरून, सावकाश, तिच्या भातावर पिठी वाढली.